तांबट आळीतली शिवराई

मुलांनो, तांबट पक्षी तुम्ही ऐकला आहे का? ‘पाहिला आहे का’ असं न विचारता ‘ऐकला आहे का’ असं मी मुद्दामच विचारतोय. हा हिरवा, चिमणीहून थोडा मोठा पक्षी पानांत असा बेमालूम लपतो की पटकन दिसतच नाही. पण उन्हाळ्याच्या दुपारी सगळं सामसूम झालं की त्याचं ‘टुक्... टुक्... टुक्...’ सुरू होतं. एका लयीत, न थकता. कुणीतरी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारतंय असंच वाटतं. म्हणून तर त्याचं नाव तांबट!

पुण्याच्या कसबा पेठेत एक आळी अशी आहे, की तिथे हा आवाज पक्ष्याचा नसतो, खऱ्याखुऱ्या तांबटांचा असतो. तिचं नावच तांबट आळी. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी भाची तिथे गेलो होतो. पण सहलीला म्हणून नव्हे बरं का! आमच्या खिशात एक गुन्हा होता.

तो काय, ते आधी सांगतो.

माझ्या वडिलांकडे, म्हणजे भाचीच्या आजोबांकडे, एक शिवराई आहे. शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवाजी महाराजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असत. नंतरच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही शिवराया पाडल्या जात होत्या. आमची शिवराई नेमकी कोणत्या काळातली, ते कुणी तपासून घेतलेलं नाही. माझ्या आजोबांना ती शेत नांगरताना सापडली होती, एवढं मात्र घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रंग काळपट तपकिरी, खोलगट जागी हिरवी झाक. अक्षरं ओबडधोबड, पण बोट फिरवलं की हाताला लागायची.

भाचीच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. आजोबांनी मोठ्या कौतुकानं शिवराई तिच्या हातावर ठेवली. बाईसाहेबांना वाटलं, इतकं कळकट नाणं न्यायचं कसं? रात्रभर ते चिंचेच्या कोळात भिजत घातलं आणि सकाळी तारेच्या घासणीनं खसाखसा घासलं. नाणं असं लखलखलं म्हणता! नाचत नाचत ती आजोबांकडे गेली. “बघा आजोबा, नवी कोरी केली!”

आजोबा नाणं घेऊन खिडकीशी गेले. उलटसुलट करून पाहिलं, अंगठ्यानं चाचपलं. ‘श्री’ गेला होता. ‘राजा’ अर्धामुर्धा उरला होता. मागचं ‘छत्र’ तर शोधावंच लागत होतं. आजोबा काहीच बोलले नाहीत. नाणं डबीत ठेवलं आणि वर्तमानपत्र उघडून बसले. रागावले असते तर परवडलं असतं! भाचीचा चेहरा रडवेला झाला. दुपारी हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मामा, तांबट तांब्याचं सगळं दुरुस्त करतात ना?”

म्हणून आम्ही ती डबी खिशात घालून निघालो.

ठोक्यांची आळी

शनिवारवाड्यापासून कसबा पेठ अगदी जवळ. गल्लीबोळांतून जाताना आधी काहीच वेगळं वाटत नाही. मग दुरून ‘ठण् ठण्’ ऐकू येऊ लागतं. जवळ जावं तसा एका हातोडीच्या आवाजात दुसरीचा मिसळतो. शेवटी शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं!

पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेले तांबट इथे वसले असं सांगतात. पूर्वी लग्नात मुलीला द्यायची घंगाळं, पाणी तापवायचे बंब, हंडे, कळश्या, पराती अशी सगळी भांडी इथे घडायची. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, गीझर आला. आता पूर्वीइतकी घरं या धंद्यात उरलेली नाहीत. पण जी आहेत, त्यांच्या दारात उभं राहिलं तरी बघण्यासारखं खूप असतं.

एका दारात एक म्हातारे कारागीर मांडी घालून बसले होते. लोखंडी खुंट्यावर तांब्याचं घंगाळ पालथं घातलेलं. एका हातानं ते घंगाळ केसभर फिरवायचे, दुसऱ्या हातानं हातोडी मारायचे. फिरव, ठोक. फिरव, ठोक. प्रत्येक ठोक्याची एक चकचकीत टिकली उमटत होती. टिकलीला टिकली लागून अशा गोल ओळीच्या ओळी तयार होत होत्या. एकही टिकली ओळ सोडून नाही! या कामाला मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेसाठी नसतं. ठोकल्यानं तांबं कडक होतं आणि भांड्याला बळकटी येते.

भाचीनं डबी पुढे केली. “आजोबा, हे नीट करून द्याल?”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, “चिंच?”

“हो. आणि तारेची घासणी.” भाचीनं खाली मान घालून कबुली दिली.

“रंग म्हणशील तर आता चढवून देतो, पोरी. पण अक्षरं कुठून आणू?” ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, “बस इथे. तांब्याचा स्वभाव दाखवतो तुला.”

भट्टीतले रंग

त्यांनी तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा घेतला. घासून स्वच्छ केलेला, गुलाबीसर नारिंगी. सांडशीत धरून त्याचं एक टोक त्यांनी भट्टीच्या कडेला धरलं. “आगीकडे नको, पत्र्याकडे बघ.”

आणि काय सांगू! पत्र्यावर रंग चालत येऊ लागले. आधी नारिंगी रंग गडद झाला. मग लालसर, मग जांभळट, आणि त्याच्यामागून निळसर झाक. आगीजवळच्या टोकाकडून थंड टोकाकडे रंगांचे पट्टे सरकत होते. कुणी रंग लावला नव्हता की काही शिंपडलं नव्हतं. होती फक्त उष्णता आणि आपली रोजची हवा.

“साबणाच्या फुग्यासारखं!” भाची ओरडली.

तिनं अगदी बरोबर ओळखलं होतं. झालं होतं असं. हवेतला ऑक्सिजन तांब्याला चिकटला आणि दोघांचं मिळून तांब्याचं ऑक्साइड तयार झालं. त्याचा एक पातळ थर पत्र्यावर चढला. अशा थरावर प्रकाश पडला की थोडा प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो आणि थोडा आत जाऊन खालच्या धातूवरून परततो. परत येताना हे दोन्ही प्रकाश एकमेकांत मिसळतात. तेव्हा काही रंग एकमेकांना पुसून टाकतात, काही अधिक उठून दिसतात. कोणता रंग पुसला जाणार, ते थराच्या जाडीवर ठरतं. थर जाड होत गेला की रंगही बदलत जातो. साबणाच्या फुग्यावर, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर हीच गंमत असते. मोटरसायकलच्या सायलेन्सरचा इंजिनजवळचा भाग सोनेरी-निळा झालेला तुम्ही पाहिला असेल. तोही असल्याच थराचा प्रताप!

मग त्यांनी पत्रा सरळ निखाऱ्यांत सारला. तो लालभडक झाला. बाहेर काढला तर सगळे रंग गेलेले, नुसता काळा. थर आता इतका जाड झाला होता की रंगांचा खेळच संपला. पाण्यात बुडवताच ‘चर्र’ आवाज झाला आणि काळे पापुद्रे गळून पडले. उरलेला काळेपणा आम्लाच्या सौम्य पाण्यात निघाला आणि पत्रा पुन्हा गुलाबी! चिंचेनंही हेच होतं. चिंचेतल्या आम्लात ऑक्साइड विरघळतं, पण खालचं तांबं सहसा जागचं हलत नाही.

“बघ, झालं की नाही स्वच्छ?” आजोबा मिस्कील हसले. “आता सांग, हे तांबं उघडं आहे का?”

“हो!”

“चूक! तांबं उघडं कधी राहतच नाही.”

न थांबणारी गर्दी

शाळेत न शिकवलेलं केवढं मोठं विज्ञान त्या एका वाक्यात होतं!

आपल्याला हवा रिकामी, शांत वाटते. प्रत्यक्षात तिच्यातले कण सतत इकडून तिकडे धावत असतात. स्वच्छ तांब्याच्या पृष्ठभागावरच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनच्या रेणूंच्या धडका बसतात, त्याही दर सेकंदाला काही कोटी! ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. धातूवर आपटल्यावर काही रेणूंची ही जोडी फुटते, अणू सुटे होतात आणि धातूच्या अणूंना घट्ट चिकटतात. तुम्ही डोळ्याची पापणी मिटून उघडेपर्यंत तांब्यावर ऑक्सिजननं बस्तान बसवलेलं असतं. म्हणजे ‘लख्ख’ नाण्यावरही अंगरखा असतोच. फक्त तो इतका तलम असतो की आपल्याला दिसत नाही.

किती तलम? साध्या हवेत तांब्यावर चढणारा हा पहिला थर काही नॅनोमीटरचा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरचा एक केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आता करा हिशेब!

मग प्रश्न पडतो, की धडका तर चालूच आहेत, तर सगळं तांबं खाऊन का टाकत नाही हा ऑक्सिजन? कारण पहिला थर बसला की ऑक्सिजन आणि तांबं यांच्यामध्ये भिंत उभी राहते. थर वाढायचा तर तांब्याच्या कणांना ही भिंत ओलांडून वर यावं लागतं. १९४० च्या दशकाच्या शेवटी निकोलास कॅब्रेरा आणि नेव्हिल मॉट या शास्त्रज्ञांनी याचा छान उलगडा केला. थर अगदी पातळ असताना धातूतले इलेक्ट्रॉन त्याच्या पलीकडे ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. त्यामुळे थरात विजेची जोरदार ओढ तयार होते आणि ती धातूच्या कणांना बाहेर खेचते. म्हणून सुरुवातीला थर भराभर वाढतो. पण जसजसा तो जाड होतो, तसतशी ओढ कमी होते आणि वाढ जवळजवळ थांबते. भट्टीत मात्र उष्णतेमुळे कणांच्या अंगात जोर येतो. ते भिंत ओलांडतच राहतात आणि थर काळा होईपर्यंत वाढतो.

खरोखरच उघडा धातू पाहायचा असेल, तर हवाच काढून टाकावी लागते. शास्त्रज्ञ पोलादी भांड्यातली हवा पंपानं उपसून तिचा दाब बाहेरच्या हवेच्या दहा लाख कोटीव्या भागाइतका कमी करतात. तेव्हा कुठे धातू काही तास स्वच्छ राहतो! पृष्ठभागावर वायू कसे चिकटतात याच्या अभ्यासासाठी अर्विंग लँगम्यूर यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे असल्याच निर्वात भांड्यांत बारकाईनं प्रयोग करणारे जर्मनीचे गेऱ्हार्ड एर्टल यांनाही २००७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अंगरखा घट्ट की फाटका?

आजोबांच्या मागे एक पातेलं कल्हईसाठी ठेवलेलं होतं. तुमच्या आजीला विचारा, पूर्वी कल्हईवाला गल्लीत आला की मुलं गोळा व्हायची. तापलेल्या भांड्यात तो नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि मग कथिलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसला की आतून भांडं चांदीसारखं व्हायचं. नवसागर कशासाठी? तर तांब्याचा अंगरखा उतरवण्यासाठी! ऑक्साइडच्या थरावर कथिल धरत नाही. नवसागर तो थर काढतो आणि ऑक्सिजन पुन्हा यायच्या आत कथिल तिथे जाऊन बसतं. नोबेल मिळवणाऱ्यांनी ज्या थराचा अभ्यास केला, त्याच्याशी आपला कल्हईवाला रोज रस्त्यावर बसून झुंजत होता!

प्रत्येक धातूचा अंगरखा मात्र वेगळा. अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजनसाठी तांब्याहून कितीतरी अधिक हावरं. तरी तुमच्या घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्याचा दोन-चार नॅनोमीटरचा थर अगदी घट्ट बसतो. ओरखडा पडला तर तिथे लगेच नवा थर येतो.

लोखंडाचं नशीब वाईट. कोरड्या हवेत त्यालाही पातळ थर सांभाळतो. पण पाणी आलं की गंज तयार होतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. फाटका अंगरखा! यावर तोड निघाली ती क्रोमियमची. इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम मिसळलं. असल्या पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर आपोआप तयार होतो. तुम्ही रोज ज्या ताटात जेवता, त्या स्टेनलेस स्टीलचं गुपित ते हेच.

आणि सोनं? ते साध्या हवेत ऑक्सिजनला दादच देत नाही. म्हणून एकाच राजाचा होन आज सापडला तर पिवळाधमक असतो आणि शिवराई मात्र तपकिरी!

मग अक्षरं कुठे गेली?

भाची इतका वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, “पण आजोबा, अंगरखाच काढला ना मी? अक्षरं तर तांब्यावर होती. ती कशी गेली?”

तांबट आजोबांनी हातोडी खाली ठेवली. “नव्या भांड्याचा अंगरखा केसाहून बारीक, तो काढला तरी खालची नक्षी तशीच राहते. पण तुझं नाणं किती वर्षं मातीत होतं?”

इथेच खरी मेख होती. मातीत ओल असते, क्षार असतात, हवाही असते. तिथे थर थांबत नाही, हळूहळू वर्षानुवर्षं वाढत जातो. नाण्याचं बाहेरचं तांबं कणाकणानं ऑक्साइड होऊन जातं. त्याच्यावर हिरवी पुटं चढतात. पण हे इतकं सावकाश होतं की उंचसखलपणा तसाच राहतो. तांबं जातं, ऑक्साइड त्याची जागा घेतं, पण अक्षराचा आकार मोडत नाही. म्हणजे आमच्या शिवराईवरची अक्षरं आता तांब्याची उरलीच नव्हती. ती त्या काळपट तपकिरी थरातच लिहिलेली होती! चिंचेनं तो थर विरघळवला, उरलंसुरलं घासणीनं नेलं. भाचीनं नाण्यावरचा मळ काढला नव्हता, नाण्यावरचं लिखाणच पुसलं होतं. म्हणूनच संग्रहालयातले जाणकार जुनी तांब्याची नाणी नुसती चकचकीत करण्यासाठी कधी घासत नाहीत.

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. तांबट आजोबांनी मघाचा पत्र्याचा तुकडा तिच्या हातात दिला. “हा ठेव. आत्ता गुलाबी आहे. काही न करता नुसता ठेवून दे आणि बघत राहा.” आमच्याकडून त्यांनी एक पैसाही घेतला नाही. आम्ही आळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत ‘ठण् ठण्’ पुन्हा सुरू झालं होतं.

घरी आल्यावर भाची सरळ आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, “आजोबा, मी मळ समजून अक्षरंच घासली. चुकले.” आणि मग भट्टी, रंग, कोट्यवधी धडका, सगळं एका दमात सांगून टाकलं. आजोबा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी डबी तिच्याच हातावर ठेवली. “राहू दे तुझ्याकडे. पण आता पुढची दोनशे वर्षं हिला घासायचं नाही!”

काही महिन्यांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा पत्रा आणि शिवराई दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली होती. दोघांचा गुलाबीपणा जाऊन ती तपकिरी होऊ लागली होती. रंग परत येत होता. अक्षरं आली नव्हती, ती येणारही नाहीत. डबीवर भाचीनं एक चिठ्ठी चिकटवली होती. ‘ही मळकी नाही. हात लावा, पण घासू नका.’

करून पाहा

तांब्याच्या तारेचा किंवा पत्र्याचा एक काळवंडलेला तुकडा घ्या. (जुनं नाणं किंवा आजीचं भांडं घेऊ नका! तार विजेच्या जोडणीतली नको, सुटी हवी.) त्याच्या अर्ध्या भागावर चिंच किंवा लिंबू चोळा, धुऊन कोरडा करा. दोन्ही भागांतला फरक पाहा. मग तो कपाटात ठेवून दर रविवारी एकदा बघा आणि वहीत तारीख घालून रंग लिहून ठेवा. एक तुकडा न्हाणीघराजवळ, एक कोरड्या कपाटात असे दोन ठेवले तर आणखी मजा येईल. कुठला आधी काळवंडतो? आणि का? आई-बाबांना आधी अंदाज करायला सांगा, मगच उत्तर दाखवा!